मळ्यातली मेहनत आणि उपचारातलं बागकाम

बागकामानं आजारातून उठायला मदत होते, असं खान्देशात कुणाला सांगितलं की समोरून प्रश्न येतो, ‘आमनी सारी जिंदगी मातीमाच गई, आते तीच माती आमले काय बरं करी?’ प्रश्न अगदी रास्त आहे. केळीचे घड वाहून ज्यांची कंबर गेली, कापूस वेचून ज्यांच्या पेरांना चिरा पडल्या, त्यांच्यापुढे मातीचे गोडवे गाऊ नयेत. शेतातल्या कामानं माणूस काटक राहतो हे खरं, आणि कर्जानं, पडलेल्या भावानं, हुकलेल्या पावसानं तोच माणूस खचतो हेही आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. तेव्हा ‘बागकाम चांगलं असतं’ एवढं म्हणून भागत नाही. कुणासाठी, कोणतं, किती वेळ आणि कशासाठी, हे सगळं सांगावं लागतं.

शेतात पीक ठरवतं आणि माणूस धावतो. वीज रात्री असली तर पाणी द्यायला रात्री जायचं, निंदणीला बायका मिळाल्या नाहीत तर घरच्यांनी वाकायचं. उपचार म्हणून बागकाम योजतात तेव्हा सुरुवात रुग्णापासून होते. उजव्या हाताची मूठ उघडते का, किती वेळ उभं राहता येतं, दम कधी लागतो, झोप किती लागते, कुणाशी बोलावंसं वाटतं का, हे आधी पाहतात. मग त्यातली एखादी गोष्ट सुधारायची असं ठरवून तिला साजेसं काम, साजेसं रोप, टेबलाची उंची आणि दिवसातली वेळ निवडतात. पालकाच्या जुड्या किती निघाल्या हे कुणी मोजत नाही. आबा आज आधार न घेता किती मिनिटं उभे राहिले, हे मोजतात. याला हॉर्टिकल्चरल थेरपी म्हणतात, आणि अमेरिकेत या क्षेत्रात काम करणाऱ्यांची संघटना १९७३ पासून आहे. ही थेरपी चालू औषधांच्या, व्यायामाच्या, समुपदेशनाच्या सोबतीनं करायची असते. गोळ्या बंद करून कुंड्या आणा, असं जो सांगेल त्याचं ऐकू नये.

पुरावा कितपत आहे

बेंजामिन रश हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे एक डॉक्टर. मनोविकारांबद्दल १८१२ साली लिहिताना त्यांनी एक निरीक्षण नोंदवलं. रुग्णालयात लाकडं फोडणारे, बाग खणणारे, कपडे धुणारे रुग्ण बरेचदा बरे होतात, आणि मोठ्या घरचे म्हणून ज्यांना कामाला हात लावू देत नाहीत ते तिथेच खितपत पडतात. पुढे अनेक देशांतल्या मनोरुग्णालयांना शेती आणि बागा जोडल्या गेल्या. त्यातून रुग्णांना फुकट राबवण्याचे प्रकारही झाले, आणि ही गोष्ट लपवू नये. आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात स्पष्ट तरतूद आहे की मानसिक आरोग्य संस्थेत रुग्णाला कामाची सक्ती करता येणार नाही, आणि त्यानं काम केलं तर योग्य मोबदला द्यावा लागेल. मला हे कलम फार मोलाचं वाटतं, कारण सक्ती आली की उपचार संपतो आणि मजुरी सुरू होते. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या पुनर्वसन विभागात सुतारकाम, शिवणकाम, बेकरी यांच्या जोडीला बागकामही शिकवतात.

मोजमाप करून केलेल्या अभ्यासांत सर्वांत जास्त सांगितला जातो तो रॉजर उल्रिच यांचा, १९८४ सालचा. त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या, १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी काढल्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण घेतले, वय, लिंग, सिगारेटची सवय वगैरे जुळवून त्यांच्या २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली आणि परिचारिकांच्या नोंदींतही ‘रडत होता, चिडचिड करत होता’ अशा तऱ्हेचे शेरे कमी होते. फरक पाऊण दिवसाचा आहे, चमत्कार नाही. पण तो नुसत्या खिडकीमुळे पडला, खर्च काहीच नव्हता, हे लक्षात घ्या. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातसुद्धा ऑपरेशन झालेल्या माणसाची खाट निंबाच्या झाडाकडे तोंड करून लावता येते.

दुसरा अभ्यास २०११ सालचा, नेदरलँड्समधला. तिथे शहरातली माणसं भाजीपाल्यासाठी छोटे तुकडे भाड्यानं घेतात. अशा ३० जणांना आधी मुद्दाम ताण येईल असं काम दिलं. मग काहींनी अर्धा तास आपल्या तुकड्यात बागकाम केलं, काहींनी आत बसून अर्धा तास वाचन केलं. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. ते दोन्ही गटांत उतरलं, पण बागकाम करणाऱ्यांत जास्त उतरलं, आणि त्यांचा मूडही पूर्ववत झाला. मात्र ही सगळी मुळात बागकामाची आवड असलेली माणसं होती. ज्याला मातीचा कंटाळा आहे त्याच्यावर तसाच परिणाम होईल असं यावरून म्हणता येत नाही.

अशा अभ्यासांची आणखी एक अडचण आहे. गोळीची चाचणी घेताना कुणाला खरी गोळी दिली आणि कुणाला साखरेची, हे लपवता येतं. आपण बागकाम केलं की नाही हे कुणापासून लपणार? त्यातून बरेच अभ्यास थोड्या माणसांवरचे असतात. २०१७ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात नैराश्य आणि चिंता कमी होणं, वजन आटोक्यात राहणं, आयुष्याबद्दल समाधान वाटणं, या बाबतींत बागकामाचा कल फायद्याकडे दिसला. एवढ्यावर ‘उपयोग होतो’ म्हणायला जागा आहे, ‘रोग बरा होतो’ म्हणायला नाही.

हात परत कामाला लावताना

समजा यावल तालुक्यातल्या एका आबांना पक्षाघात झाला. वेळेवर दवाखान्यात नेलं, जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. त्याचं काम आजूबाजूचे भाग हळूहळू शिकून घेऊ शकतात, आणि त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. फिजिओथेरपिस्ट रबरी चेंडू देतात. आबा दोन दिवस दाबतात, तिसऱ्या दिवशी चेंडू खाटेखाली जातो. त्यांच्या लेखी चेंडू दाबण्याला काही अर्थ नसतो. दाणा पेरण्याला असतो, कारण ते त्यांनी जन्मभर केलेलं आहे.

म्हणून त्यांच्यापुढे एक परात ठेवायची. खुर्चीत बसल्यावर कोपर आरामात टेकेल एवढ्या उंचीवर ती हवी. परातीत कोरडी माती आणि जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत. पहिले काही दिवस दोन्ही हातांनी ती नुसती कालवायची, ढेकळं फोडायची. लुळा हात आधी चांगल्या हाताच्या आधारानं फिरतो, मग थोडा आपला आपण. त्यानंतर बी पेरायचं. सुरुवात वालाच्या दाण्यानं, कारण तो मोठा आणि चपटा, तीन बोटांत धरता येतो. तो जमला की मका, मग चवळी, मग धने, मग मेथी. राजगिरा अगदी शेवटी. त्याचं बी चिमटीत धरून थोडं थोडं सोडता येणं म्हणजे बोटांवर बराच ताबा आला. धने पेरण्याआधी रगडून त्यांच्या दोन फोडी कराव्या लागतात. लाटणं दोन्ही हातांनी धरून ते धने रगडले की दोन्ही खांद्यांचा व्यायाम होतो, आणि याला व्यायाम म्हणावंही लागत नाही.

पाणी घालायला फवारा मारायची छोटी बाटली द्यावी. पक्षाघातानंतर बहुतेकांना मूठ आवळणं त्यातल्या त्यात लवकर जमतं, उघडणं जमत नाही. फवाऱ्याचा खटका दाबला की बोटं सोडावीच लागतात, त्याशिवाय पुढचा फवारा येत नाही. खुरप्याची मूठ बारीक असते, कमजोर पंज्यात ती फिरते. तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून ती जाड करावी. संधिवातानं बोटं वाकलेल्या आजीलाही हीच जाड मूठ बरी पडते. डावी बाजू गेलेल्या काही रुग्णांचं एक वेगळंच दुखणं असतं. नजर शाबूत असूनही डावीकडच्या जगाकडे त्यांचं लक्षच जात नाही, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. त्यांच्या कुंड्या एका ओळीत मांडून उजवीकडून सुरुवात करतात आणि रोज एक कुंडी डावीकडे सरकवतात, म्हणजे पाणी घालायला मान वळवावीच लागते.

उभं राहण्याचा सराव ओट्याजवळ करावा. कुंड्या ओट्यावर, एक हात ओट्याच्या काठावर, आणि घरातलं कुणीतरी लुळ्या बाजूला उभं. चांगल्या बाजूला नव्हे, कारण तोल जातो तो लुळ्या बाजूला.

मन उचलत नाही तेव्हा

नैराश्य आलेल्या माणसाला घरचे सांगतात, ‘जरा बाहेर निघ, मन रमव.’ त्याला वाटतं, मन लागलं की निघेन. नैराश्यात मन आधी लागत नाही. मानसोपचारात एक पद्धत आहे, तिच्यात मनाची वाट न पाहता एक लहानसं, ठरलेलं, जमण्याजोगं काम रोज करायला लावतात. काम झालं की मनाची अवस्था हळूहळू त्याच्या मागून सुधारते. कुंडीला पाणी घालणं हे अशा कामाला साजेसं आहे. दोन मिनिटांत होतं, केलं की दिसतं, आणि उद्या पुन्हा करायचं असतं.

इथे रोप निवडण्याला फार महत्त्व आहे. ज्याला आठवडाभर पुढचं दिसत नाही त्याच्या हातात आंब्याची कलम देऊ नये. मेथी चार-पाच दिवसांत डोकं वर काढते आणि महिनाभरात खुडायला येते. मुळाही लवकर दिसतो. घटस्थापनेला पेरलेलं धान्य नवव्या माळेपर्यंत केवढं होतं ते आपल्या घराघरांत माहीत आहे; तेवढ्याच वेगाचं काहीतरी सुरुवातीला हवं. शिवाय बी उगवलं नाही तर निराश माणूस त्याचा दोष स्वतःकडे घेतो. म्हणून सोबतच्या माणसानं तीन-चार भांड्यांत पेरून ठेवावं, एखादं तरी उगवतंच.

आता शेतकऱ्याच्या घरचा प्रश्न. ज्याचं कपाशीनं किंवा केळीनं नुकसान केलं त्याला परत पिकासारखं काही लावायला सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं. त्याच्या डोक्यात लगेच हिशेब सुरू होतो. ज्याला बाजारात भाव नाही असं काही निवडावं. सदाफुली, जास्वंद, गवती चहा, पाखरांसाठी पाण्याचं भांडं. कुणाला माती नकोच वाटते, त्याच्यासाठी सकाळचं फिरणं आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. आणि घरातल्या बाईसाठी आणखी सांभाळून. दिवसभर निंदणी करून, भाकरी थापून, धुणीभांडी करून ती बसते तेव्हा ‘तुझ्या तब्येतीसाठी’ म्हणून तिच्यावर परसबाग लादली, तर तिच्या कामात भरच पडते. तिच्यासाठी बाग योजायची तर आधी तिचं एखादं काम दुसऱ्यानं उचलावं. मग लावायचा तो तिच्या वेणीतला मोगरा, घरच्या भाजीची कोथिंबीर नव्हे.

सकाळच्या उजेडाचाही यात वाटा आहे. डोळ्यांवर सकाळचा उजेड पडला की शरीराचं घड्याळ ताळ्यावर राहतं आणि रात्रीची झोप सुधारायला मदत होते. लक्ष न लागण्याबद्दल रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं १९८९ साली एक विचार मांडला. हिशेब, अर्ज, मोबाइल यांसाठी आपण लक्ष ओढून धरतो आणि ते थकतं. पानांची सळसळ, पाण्यावरचा उजेड, मुंगळ्यांची रांग यांच्याकडे लक्ष आपोआप जातं, तेवढ्या वेळात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो.

दारू सोडणाऱ्यासाठी संध्याकाळ सर्वांत अवघड. हात रिकामे असतात आणि पाय ओळखीच्या वाटेला लागतात. त्या वेळेला जोडून काम हवं, आणि दोडक्याचा वेल त्याला फार सोयीचा. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे बोटभर दोडका आधीपासून दिसतो, नर फुलाला नुसता देठ. नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागे सारायच्या आणि पिवळा पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर अलगद टेकवायचा. पराग लागला असेल तर काही दिवसांत दोडका फुगू लागतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. दिवसभराच्या पाण्यासोबत हे रोज संध्याकाळी अर्धा तास मागतं. एक गोष्ट मात्र ठासून सांगतो: रोज खूप पिणाऱ्यानं एकदम सोडली तर पहिल्या काही दिवसांत हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असे धोके असतात. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे. वेल त्यानंतर.

स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी ओळखीचे वास कामी येतात, तुळस, पुदिना, गवती चहा. त्यांना फिरायला वाटोळी पायवाट करावी, म्हणजे चालता चालता माणूस निघाला तिथेच येतो आणि बंद फाटकापाशी येऊन बावरत नाही. ते पानं तोंडात घालू शकतात, म्हणून कण्हेर, पिवळी बिट्टी, धोतरा, एरंड यांपैकी काहीही आवारात नको. ही चारही विषारी आहेत.

फिरण्याबद्दल थोडं. जपानच्या वनखात्यानं १९८२ साली जंगलात शांतपणे वेळ घालवण्याची मोहीम सुरू केली, तिच्यावर पुढे बरंच संशोधन झालं. इंग्लंडमध्ये २०१९ साली जवळपास २०,००० लोकांच्या माहितीवरून दिसलं की आठवड्यातून एकूण १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत चांगली असल्याचं अधिक प्रमाणात सांगतात. तो वेळ एकदम घालवला की तुकड्यांत, यानं फरक पडला नाही. धडधाकट माणूसच बाहेर जास्त जातो, हे त्यातलं एक कारण असू शकतं. तरी आजारातून उठणाऱ्यासाठी हा आकडा सोपा आहे. जळगावात मेहरूण तलाव आहे, धुळ्यात नकाणे तलाव, चाळीसगावकरांना पाटणादेवी, रावेरकरांना पाल, शहाद्याच्या लोकांना तोरणमाळ. रोज एवढं लांब कुणी जाणार नाही, पण रोज पंधरा-वीस मिनिटं गावाबाहेरच्या वडापर्यंत जाणं बहुतेकांना जमतं.

आपल्याकडचं ऊन, आपल्याकडचे आजार

परदेशातल्या पुस्तिकांत ‘उन्हात बसा’ असा सल्ला असतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे हा सल्ला जीवावर बेतेल. मार्चपासून जूनच्या पावसापर्यंत बाहेरचं काम सकाळी आठच्या आत आटोपावं. बाकीच्या वेळी बी निवडणं, पुड्या बांधणं, नावं लिहिणं असली कामं घरात करावीत; बोटांना आणि मनाला त्यांचाही तेवढाच उपयोग होतो. बाहेरचं खरं काम पाऊस लागल्यापासून फाल्गुनापर्यंत.

काही औषधांनी उन्हाचा धोका वाढतो. मनोविकाराच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो आणि अंग तापतं. लिथियम हे मनोविकारावरचं एक औषध; ते चालू असलेल्याच्या अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला उन्हात भोवळ येऊ शकते. म्हणून डॉक्टरांना ‘बागकाम करू का’ असं मोघम विचारू नका. ‘या गोळ्यांवर ऊन किती चालेल आणि पाणी किती प्यायचं’ असं विचारा.

नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः सातपुड्यातल्या आदिवासी वस्त्यांत, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. अंगातलं पाणी कमी होणं, दमणूक, थंडीचा कडाका, यांपैकी कशानंही त्यांना असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा मुलाला शाळेच्या परसबागेत पाणी वाहायला लावू नये. बी लावणं, वेलाला आधार बांधणं, सावलीत बसून भाजी निवडणं, ही त्याची कामं. आणि पाण्याची बाटली त्याच्या हातात.

बऱ्याच मधुमेह्यांना तळपायाची जाणीव कमी झालेली असते. बाभळीचा काटा रुतला तरी कळत नाही, आणि जखम चिघळेपर्यंत आठवडा गेलेला असतो. अनवाणी चालण्याचं कौतुक त्यांच्यासाठी नाही. बंद बूट घालावेत, आत खडा नाही ना हे हात घालून पाहावं आणि काम संपल्यावर तळवे बघावेत. स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांनी बघावेत.

हृदयाचा झटका येऊन गेलेल्यानं काम करता करता नीट वाक्य बोलता येतंय का हे पाहत राहावं. बोलताना धाप लागली की बसायचं. बायपासनंतर छातीचं हाड सांधायला साधारण दोन ते तीन महिने लागतात, तोवर भरलेली बादली उचलणं, खणणं, पाइप ओढणं बंद. केमोथेरपी चालू असलेल्यांनी आणि अवयव बदललेल्यांनी मातीत आणि खतात हात घालू नये, कारण तिथली बुरशी त्यांच्या शरीराला झेपत नाही. त्यांच्यासाठी उल्रिच यांची खिडकी आहे. गाजरगवतानं कातडीला भयंकर खाज सुटते आणि दमा बळावतो, ते रुग्णाच्या हातून उपटून घेऊ नये. धनुर्वाताची लस झाली आहे का ते विचारून ठेवावं. पावसाळ्यात साप-विंचू निघतात, त्यामुळे कुंड्यांच्या मागे, विटांखाली हात घालायचा नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं. ज्याच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, त्याच्या घरात फवारणीची औषधं, तणनाशक, उंदरांचं औषध ठेवू नका. कुलपात ठेवण्यापेक्षा घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवणं बरं. हे विचार बहुतेक वेळा लाटेसारखे येतात आणि ओसरतात. त्या वेळात विष हाताशी नसलं तर जीव वाचतो. त्याच्या बागेला फवारणी लागणारच नाही अशी झाडं लावा. असा विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानस या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवेचा सरकारी क्रमांक आहे, तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

कुठून सुरुवात करावी

आपल्याकडे या थेरपीचे शिकलेले लोक विरळाच. त्यामुळे फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे) किंवा मनोविकारतज्ज्ञ यांपैकी जो रुग्णाला पाहतो त्याच्याशीच बोलायचं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारता येतं. ‘यांच्या हाताची कोणती हालचाल वाढवायची आहे?’ किंवा ‘यांनी दिवसातून किती वेळ उभं राहावं?’ एवढं उत्तर मिळालं की त्याभोवती काम बसवणं घरच्यांना जमतं. शेतीतलं आपल्याला शिकवायला कुणी लागत नाही.

साहित्य थोडं लागतं. तेलाचा रिकामा डबा, खालून चार भोकं पाडलेला, किंवा दुमडलेली जुनी गोणी. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी वापरायचा नाही. आपली काळी माती कुंडीत एकटी भरू नये. ती पाणी धरून चिकट होते, वाळली की दगडासारखी कडक होऊन भेगाळते, आणि कमजोर हाताला फोडता येत नाही. निम्मी माती, निम्म्यात कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू घेतली की ती भुसभुशीत राहते. सुरुवातीला दोनच कुंड्या. दहा मिनिटं, दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. दोन आठवडे जमलं तर पाच मिनिटं वाढवावी. थकवा दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिला, सूज आली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबायचं आणि दाखवून यायचं.

घरच्यांना एक विनंती. आबांचा दाणा वाकडा पडला, पाणी जास्त झालं, तर लगेच हात घालून नीट करू नका. त्यांना ते दिसलेलं असतं. ‘आबा, आज कुठली कुंडी घ्यायची?’ असं विचारा आणि ते सांगतील ती घ्या. आजारपणात जेवण, औषध, अंघोळ, झोप सगळं दुसरेच ठरवतात. दिवसातली एक गोष्ट तरी त्यांच्या शब्दावर चालू द्या.

एक वही करा. तारीख, काय केलं, किती मिनिटं, कोणत्या हातानं, नंतर कसं वाटलं, रात्री झोप कशी लागली. रुग्णाला लिहिता येत असेल तर त्यानंच लिहावं, अक्षर कसंही येवो; पक्षाघातात तोही सराव आहे. पुढच्या तपासणीला फाइलसोबत ती वही न्या आणि डॉक्टरांपुढे उघडून ठेवा. ‘बरं वाटतंय का?’ या प्रश्नाला घाईघाईत ‘हो’ म्हणण्यापेक्षा वहीतल्या नोंदींवरून गोळ्या वाढवायच्या की कमी करायच्या आणि पुढचं काम कोणतं द्यायचं, हे त्यांना नीट ठरवता येतं.